अर्धी चीज

रेल्वेच्या डब्यात खिडकीची जागा आमच्या तंबोऱ्याची असे. त्याच्या शेजारी संत्र्यांची टोपली, टोपलीशेजारी आई आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. एकदा मी आईला विचारलं, तंबोऱ्याला बाहेरचं काय दिसणार आहे? तर ती म्हणाली, 'त्याला धक्का लागला तर तो बिचारा सांगू शकत नाही. तुला कुठंही बसवलं तरी तू मान वाकडी करून बघशीलच.' हे खरं होतं. लहानपणी माझी मान सदा वाकडीच असायची. कुणाच्या दाराच्या फटीतून, कुणाच्या खांद्यावरून, पडद्याआडून काय दिसतंय ते बघायची मला खोड होती. आता ती मान म्हातारपणानं वाकडी झाली आहे. डॉक्टर मणक्याचं काहीतरी नाव घेतात. मी म्हणते, अहो, ही जुनी सवय आहे.

बाबा नागपूरला रेल्वेच्या माल कचेरीत कारकून होते आणि रेल्वेच्या नोकरांना बायकामुलांसकट फुकट प्रवासाचा पास मिळे. अजनीच्या आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्या पासाचे उपयोग ठरलेले होते. बाळंतपण, मुंज, लग्न, नाहीतर काशी-रामेश्वर. आमच्या घरी वर्षाचा पास आईच्या गाण्यावर खर्च होई. ती दर वर्षी एका गावाला जायची, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या गवयाला गाठायची, त्याच्या पुढ्यात संत्र्यांची टोपली ठेवायची आणि त्याच्याकडून एक चीज घेऊन परत यायची. चीज म्हणजे गाण्याची बंदिश. तिचे दोन भाग असतात, आधी अस्थाई आणि मग अंतरा. टोपलीभर संत्री आणि एक चीज, असा हा सौदा होता, आणि आश्चर्य म्हणजे तो बहुतेक सगळीकडे पटायचा. ग्वाल्हेरच्या एका बुवांनी तर चीज दिल्यावर रिकामी टोपलीही ठेवून घेतली. त्यांना म्हणे तसली घट्ट विणीची टोपली कुठं मिळत नव्हती.

रांगेतल्या बायका आईला पाठीमागे भटकभवानी म्हणत. मला ते फार आवडायचं. घरात एक भवानी असावी, ही काही वाईट गोष्ट नव्हे. बाबांना मात्र आईच्या प्रवासांचा कोण अभिमान! स्वतः ते कधी बरोबर आले नाहीत. दिवसभर गाड्यांचे कागद खरडणाऱ्या या माणसाला गाडीत बसायचा मनस्वी कंटाळा. 'मले गाण्यातलं काय समजते?' असं म्हणून ते सुटत. पण जायच्या आधी महिनाभर ते वेळापत्रक उघडून बसायचे आणि शेजारचे गार्डसाहेब फाटकाशी थांबून 'यंदा वहिनींची स्वारी कुठे?' असं विचारायचे, तेव्हा बाबांची कळी खुलायची. गोंदिया, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, असं ते संध्या म्हणावी तसं म्हणून दाखवत. गाडी कुठं बदलायची, पाणी कुठलं चांगलं, कुठल्या स्टेशनावर हमालाशी बोलायचं नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. यातलं एकही स्टेशन त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या घराला दोन सूर होते. एक तंबोऱ्याचा आणि दुसरा यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनाचा. आई पहाटे तंबोरा लावायला बसली, की नेमकी त्याची शिट्टी व्हायची आणि ती आईच्या षड्जापेक्षा जराशी चढी असायची. आई डोळे मिटूनच म्हणायची, 'आज पुन्हा चढलाय मेला.' स्वयंपाकघरातून आत्याच्या वरवंट्याचा आवाज येई. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली होती. वर्षातले काही महिने ती काटोलला सासरी दिराकडे असे, कारण तिथल्या संत्र्याच्या बागेत तिच्या नवऱ्याचा वाटा होता, आणि उरलेले महिने आमच्याकडे. आई आणि बाबा दोघंही तिला 'बाई' म्हणत. काटोलच्या मोटारीतून ती उतरायची तीच डोक्यावर टोपली घेऊन. आईची सगळी विद्या आत्याच्या संत्र्यांवर उभी होती म्हणा ना! पण गाण्याशी आत्याचं काही देणंघेणं नव्हतं. आरती म्हणतानासुद्धा ती बाकीच्यांच्या आधी संपवून मोकळी व्हायची. प्रवासासाठी सांबारवड्या तीच करून द्यायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या वड्या चौथ्या दिवशीही खमंग लागायच्या. आई त्या गवयांना द्यायची नाही. 'संत्री त्यांची, वड्या आपल्या,' असा तिचा नियम होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या अर्ध्या चिजेबद्दल.

आईचं बालपण जबलपूरला गेलं. तिचे वडील तिथं सडकेच्या कामावर ओव्हरसियर होते. ती माझ्या तेव्हाच्या वयाची असताना समोरच्या घरी लग्न होतं आणि लग्नाला कुणी एक गाणारी बाई बोलावली होती. पहाटे ती बाई गच्चीवर बसून एकटीच गात होती. लोकांसाठी नव्हे, सहज. आईची झोप मोडली. ती खिडकीत गेली. अस्थाई तिनं पुरी ऐकली आणि तिला ती लागलीच आली, कारण तिचा कानच तसा होता.

पाहुना ठाड़ो दुआर, सखी री,
कैसे मैं खोलूँ किवाड़।

म्हणजे दारात पाहुणा उभा आहे, आता मी दार कसं उघडू? तेवढ्यात अंतरा सुरू झाला आणि माझ्या आजोळच्या आजीनं येऊन धाडकन खिडकी लावली. असल्या बायकांचं गाणं चांगल्या घरच्या मुलीनं ऐकायचं नसतं. अंतरा खिडकीच्या पलीकडे राहिला. आईनं ती अस्थाई लग्न होऊन नागपूरला आणली, मला मांडीवर घेऊन म्हटली, भाजी चिरताना म्हटली, पण दरवेळी 'कैसे मैं खोलूँ किवाड़' पाशी आली, की थांबायची. दार काही उघडायचं नाही. लहानपणी मला वाटे, की सगळी गाणी अशी मध्येच थांबतात. जेव्हा कळलं, की तसं नसतं, तेव्हापासून मला चैन पडेना. तो पाहुणा कोण? तिनं दार उघडलं की नाही? आईला विचारलं तर ती म्हणायची, 'तेच तर शोधतेय.'

तेव्हा लक्षात आलं, की आई दर वर्षी जी चीज घेऊन यायची ती वरची मलई. खरं काम वेगळंच होतं. इंदूर, ग्वाल्हेर, अलाहाबाद, जिथं गेलो तिथं शेवटी, टोपली रिकामी झाल्यावर, ती सहज विचारल्यासारखी ही अस्थाई गाऊन दाखवायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. मीही बघायची. इंदूरच्या बोळक्या तोंडाच्या उस्तादांनी मान हलवली, 'अच्छी है, मगर हमारे घर की नहीं.' अलाहाबादच्या पंडितजींनी स्वतःचाच एक अंतरा तिथल्या तिथं जोडून दिला. आईनं तो ऐकला, नमस्कार केला आणि टांग्यात बसल्यावर म्हणाली, 'हे म्हणजे दुसऱ्याच्या धोतराला आपलं ठिगळ.' तिची जीभ अशी होती. गावंसुद्धा ती आवाजावरून लक्षात ठेवायची. अलाहाबादचं पाणी गोड, पण टांगेवाले बेसूर. इंदूरच्या भाजीवाल्या सुरात ओरडतात, पण मापात मारतात.

आता माझी नात धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पाय घेऊन बसते आणि हवं ते गाणं बोटानं काढते. मी तिला म्हटलं, बघ बरं ही चीज सापडते का. तिनं मला गायला लावली, फोन तोंडाशी धरला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. अलाहाबादच्या पंडितजींपेक्षा तो प्रामाणिक निघाला.

मग एका वर्षी आम्ही कलकत्त्याला गेलो. थंडीचे दिवस होते. एका अरुंद बोळात, तळमजल्याच्या खोलीत, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून एक म्हातारे सारंगिये बसले होते. पूर्वी ते मोठमोठ्या गाणाऱ्या बायकांच्या साथीला गावोगाव हिंडलेले. आईनं नेहमीप्रमाणे टोपली पुढे केली, त्यांच्याकडून एक दादरा घेतला आणि मग ती अस्थाई म्हटली. ती 'किवाड़'पाशी थांबली तसे ते घमेल्यात पाय आपटून हसायलाच लागले. पाणी माझ्या परकरावर उडालं. 'आप नागपूर से यहाँ आयीं, ये पूछने? बेटी, संतरा नागपूर का, चीज नागपूर की. इसमें कलकत्ते का क्या है?' आणि त्यांनी सांगितलं, की ही चीज मैनाबाईची. पुष्कळ वर्षं त्यांनीच तिच्यामागे सारंगी धरली होती. जबलपूरच्या लग्नालाही ते होते. मैनाबाईनं आता गाणं सोडलंय, ती नागपुरातच राहते, इतवारीत, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत.

परतीच्या प्रवासात आई एकदाही झोपली नाही. ती मधूनच हसायची आणि म्हणायची, 'शकू, इतवारी गं! आपण दिवाळीचे पोहे आणतो तिथून!'

घरी आल्या आल्या रात्रीच्या जेवणाला तिनं बाबांना ते सांगितलं. आत्या गोळाभात करून ठेवून दुपारच्या मोटारीनं काटोलला गेली होती. बाबांनी वरून फोडणीचं तेल घेतलं होतं. मैनाबाईचं आणि त्या गल्लीचं नाव ऐकून त्यांचा घास हातातच राहिला.

'नाही,' ते म्हणाले.

आईला आधी समजलंच नाही. कारण हा शब्द त्या घरात तिनं त्यांच्या तोंडून ऐकलेला नव्हता. 'नाही म्हणजे? ग्वाल्हेरला पाठवलंत, कलकत्त्याला पाठवलंत. तिथं मी कुणाच्या घरी बसले, ते विचारलंत का कधी?'

'तिथं आपल्याले कोण ओळखते?' बाबा म्हणाले. 'इथं घराबाहेर पडलं का चार लोक नमस्कार घालतात. त्या गल्लीत तुले कोणी पाहिलं तर? उद्या शकूले पाहायले लोक येतील.'

मला पाहायला लोक यायला अजून चांगला अवकाश होता. पण बाबा माल कचेरीतले. गाडी निघायच्या आधी पुढच्या स्टेशनाला कळवून ठेवायची त्यांना सवय. (पुढे खरंच लोक आले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मुलीला पुरणपोळी येते का. गाण्याचं कुणी विचारलंच नाही, याचं बाबांना फार वाईट वाटलं.)

ताट उचलताना आई म्हणाली, 'हजार मैलांचा पास मिळतो. गावातल्या गावात जायला मात्र मिळत नाही.'

भांडण म्हणून झालं नाही. आईनं तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो खुंटीला लावून टाकला, एवढंच. पहाटे आता नुसतं इंजिन शिट्टी मारायचं आणि ते चढलं की उतरलं, हे सांगायला कुणी नव्हतं. ती स्वयंपाक करायची, माझी वेणी घालायची, बाबांशी हो-नाही बोलायची. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती कंटाळलेली दिसायची आणि आईला कंटाळलेली मी कधी पाहिली नव्हती. माझा जीव कासावीस व्हायचा. बाबांचाही होत असणार. कचेरीतून येताना ते तिच्यासाठी वेळापत्रकाची नवी आवृत्ती घेऊन आले. तिनं ती उघडलीसुद्धा नाही.

नवं वर्ष लागलं, संत्र्यांचा दुसरा बहार आला आणि आत्या काटोलहून टोपली घेऊन उतरली. दर वर्षी टोपली आली, की घरात गाव ठरे. यंदा ती कोपऱ्यात पडून राहिली. वरची संत्री आम्ही खाल्ली, खालची नरम पडायला लागली. आत्यानं सगळी उपसली, खराब बाजूला काढली, चांगली पुसून परत भरली आणि कमरेवर हात ठेवून आईसमोर उभी राहिली.

'काहून वं विमल? संत्री सडून राहिली अन् तू सुकून राहिली. काय झालं काय?'

आईनं सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. 'काखेत कळसा अन् गावाले वळसा,' ती म्हणाली. 'एवढंच ना? दिगूनं तुले नाही म्हटलं. मले कोठी म्हटलं? मी आणतो तुहा अंतरा.' वऱ्हाडातल्या बायका 'मी आणतो, मी जातो' असंच बोलतात आणि आत्याच्या तोंडी ते फार शोभायचं.

'अहो बाई, अंतरा काय भाजी आहे का आणायला?' आई म्हणाली. पण पुष्कळ दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं. तेवढं आत्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर तिनं मला शाळेला दांडी मारायला लावली, डोक्यावर पदर आणि त्यावर टोपली घेतली, आणि आम्ही दोघी सायकलरिक्षानं इतवारीला निघालो. माझी उत्सुकता पोटात मावत नव्हती. झुंबरं असतील, आरसे असतील, निदान एखादा मोठा पलंग तरी असेल.

गल्लीत विचारत विचारत आम्ही गेलो. अंगणात बाजेवर जाड चष्मा लावलेली एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भिंतीवर कुठल्याशा तेलाच्या दुकानाचं कॅलेंडर. माझा इतका विरस झाला, की मी तिच्याही मागे मान वाकडी करून पाहिलं. मागे फक्त मोरी होती.

'कौन चाहिए?' ती म्हणाली.

आत्यानं टोपली उतरवली. 'आमच्या भावजयीले तुमच्या गाण्याचा अंतरा पाहिजे,' ती म्हणाली. शेजारणीकडे विरजण मागावं, तसं. मग तिनं जबलपूर, खिडकी, कलकत्ता, सगळं सांगून टाकलं. मैनाबाई शेंगा सोलायची थांबली होती.

'इतना घूमी वो? इस चीज के लिए?' मग म्हणाली, 'तो यहाँ तक खुद क्यों नहीं आयी?'

'तिचा नवरा माहा भाऊ आहे. तो भेतो.'

'किससे?'

'तुमाले.'

मैनाबाईनं चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. 'अरे बाई, मुझसे तो अब बिल्ली भी नहीं डरती!' तिनं डोळे पुसले, एक संत्रं सोललं, हळूहळू फोड फोड करून खाल्लं. 'चीज ऐसे दूसरे के हाथ नहीं भेजी जाती,' ती म्हणाली. मी निराश झाले. मग तिनं दुसरं संत्रं हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. 'इस लड़की का गला कैसा है?'

'गळ्याचं ठाऊक नाही,' आत्या म्हणाली, 'पण कान मातर लंबे आहेत.'

तिनं मला बाजेवर जवळ बसवलं आणि ती गायली. आवाज फुटला होता, दम पुरत नव्हता, पण ती सुरावर गेली, की तो सूर तिथं असायचाच. कुठं शोधावा लागायचा नाही. इतकी वर्षं आई ज्या दाराशी येऊन थांबत होती, ते माझ्यासमोर उघडत होतं.

बाहर तो कोई ताला नाहीं,
साँकल मोरे ही हाथ।

तिनं मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शब्द मी चुकत होते, तेव्हा आत्यानं सांगितलं, 'तू चाल धर, शब्द मी धरतो.' टोपली दोघींनी दोन बाजूंनी उचलावी, तशी आम्ही ती चीज उचलली. मैनाबाईनं पितळी पेल्यातून पाणी आणून ठेवलं. आत्या सोवळ्याओवळ्याची फार. तिनं पेल्याकडे पाहिलं आणि 'मले तहान नाही' म्हणाली. निघताना मात्र परत वळली, पेला उचलला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. आमची टोपली मैनाबाईनं परत दिली.

सायकलरिक्षात मी चाल गुणगुणत होते आणि आत्या रामरक्षेसारखे शब्द घोकत होती. गांधीबागेपाशी आम्ही वरातीत सापडलो. पुढे बँड, मागे टांगे, मध्ये आम्ही. बँडवाल्यांनी कुठल्याशा सिनेमातलं गाणं असं काही वाजवायला घेतलं, की मी दोन्ही कानांत बोटं घातली. आत्या रिक्षावाल्याच्या अंगावर ओरडली, 'काढ ना गा भाऊ, आमचा अंतरा सांडून राहिला!' त्या बिचाऱ्यानं टोपलीत वाकून पाहिलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं. आत्या शब्द सांगत होती. आईचे हात सुपात तसेच राहिले. 'साँकल मोरे ही हाथ' म्हटलं आणि मी अडखळले. अंतरा संपताना एक वळण घेऊन पुन्हा अस्थाईच्या पहिल्या शब्दावर यावं लागतं, आणि ते वळण वरातीत गेलं होतं. त्या जागी मला सिनेमाचं गाणंच आठवत होतं.

'पुन्हा म्हण,' आई म्हणाली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही. मी रडकुंडीला आले. आईनं मला जवळ ओढलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'रडू नकोस गं. केवढं आणलंस! ती दारापाशी परत कशी येते, तेवढंच राहिलं.'

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. आत्यानं वाढता वाढता सांगितलं, 'दिगू, मी मैनाबाईच्या घरी गेलतो. शकूले घेऊन. पाणीही पेलो.'

बाबा पांढरे पडले. 'बाई, तू?'

'हो. म्हातारी आहे बिचारी. तुरी सोलते. अन् तो अंतरा ऐक, तुह्यासाठीच केला असन कोणी. ते बाई म्हणते, बाहेरून कुलूप नाही, कडी माह्याच हातात आहे.' आत्यानं त्यांच्या पानात भात घातला. 'समजलं?'

बाबा ताक प्यायले, हात धुतले आणि बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले. पुढच्या दिवसांत आई पुन्हा गुणगुणू लागली होती, पण तंबोरा खुंटीलाच होता. पूर्वी ती अर्ध्यावर थांबायची, आता पाऊणावर. बाबा पेपर वाचत असायचे आणि ती थांबली, की त्यांच्या पेपराचं पान उलटायचंही थांबायचं. गाण्यातलं न समजणाऱ्या माणसालासुद्धा ते राहून गेलेलं वळण टोचायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी ते कचेरीतून आले आणि त्यांनी पासाचा कागद आईच्या हातात दिला. पासासाठी अर्ज करायचा, म्हणजे तो हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नजरेखालून जाई. सगळी कचेरी विचारी, यंदा कुठे. आईनं कागद वाचला आणि ती खाली बसली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. पत्नी व एक मुलगी, नागपूर ते इतवारी, आणि परत.

'इतवारीले स्टेशन आहे,' बाबा म्हणाले. 'लोकांच्या ध्यानात राहत नाही.'

वर्षाचा पास होता तो! त्यावर हरिद्वारला जाता आलं असतं. गार्डसाहेब तेव्हा फाटकाशीच होते आणि त्यांनी सवयीनं विचारलं, 'काय, यंदा वहिनींची स्वारी कुठे?' आईनं माझा हात घट्ट धरला. बाबांनी घसा खाकरला आणि आवाज न उतरवता सांगितलं, 'इतवारी. मैनाबाईकडे चालली, गाणं शिकायले. मध्ये एकही स्टेशन नाही. गाडी बदलायची नाही.' गार्डसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, 'पाणी बरोबर घ्या.'

आम्ही अगदी कलकत्त्याला निघावं तसे निघालो. आत्यानं एवढ्याशा प्रवासासाठीही सांबारवड्या दिल्या. डब्यात तंबोरा खिडकीशी, मग टोपली, मग आई, मग मी. बाबांनी फलाटावरून खिडकीच्या गजाला हात लावला, नेहमीचं 'मले गाण्यातलं काय समजते' म्हणाले आणि निघून गेले. आई हिरमुसली. गाडी सुटली आणि सिग्नलला जी उभी राहिली, ती उभीच. आईनं तंबोऱ्याच्या गवसणीवर हात ठेवला होता. कलकत्त्याला जाताना ती अशी कधी घाबरली नव्हती.

गाडी एकदाची इतवारीला लागली. मी सवयीनं मान वाकडी करून बाहेर पाहिलं. फलाटावर बाबा उभे होते. सायकलला टेकून, घामाघूम, टोपी हातात.

'लेट आहे गाडी,' ते आईला म्हणाले. त्यांनी टोपली घेऊन सायकलच्या कॅरिअरवर बांधली, तंबोरा स्वतःच्या खांद्यावर घेतला. मग स्टेशनाबाहेर येऊन ते थांबले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. साऱ्या हिंदुस्थानातल्या गाड्यांचे रस्ते पाठ असलेल्या त्या माणसाला इथून पुढचा रस्ता माहीत नव्हता. आईलाही नव्हता.

'आता कोठून जायचं?' त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले.